डॅनियल हॅलडे

डॅनियल हॅलडे (जन्म: २४ नोव्हेंबर १८२६, मार्लबोरो, व्हर्मॉंट, मृत्यू: १ मार्च १९१६, सांता ॲना, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन यंत्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. वाऱ्याचा जोर वाढताच स्वतःचा वेग आपोआप आवरून धरणारी आणि वाऱ्याच्या दिशेकडे स्वतःच तोंड वळवणारी पाणउपशाची पवनचक्की त्यांनी १८५४ साली तयार केली. अमेरिकेच्या मध्यभागातील कोरड्या गवताळ मैदानांवर माणसांची व गुरांची वस्ती टिकून राहिली, त्यामागे खोल विंधन विहीर आणि तिच्यावर उभी केलेली पवनचक्की ही जोडी होती. या जोडीतील पवनचक्कीचे जनकत्व सामान्यतः हॅलडे यांच्याकडे दिले जाते.

== प्रारंभिक जीवन ==

हॅलडे यांचा जन्म न्यू इंग्लंडमधील व्हर्मॉंट या डोंगराळ राज्यात झाला. तरुणपणी त्यांनी यंत्रशाळेत उमेदवारी करून लोहकामाचे व यंत्रजुळणीचे शिक्षण घेतले. पुढे कनेक्टिकट राज्यातील एलिंग्टन या गावी ते यंत्रशाळा चालवू लागले. ते विद्यापीठात शिकलेले अभियंते नव्हते; हातात हत्यार घेऊन यंत्राचा स्वभाव ओळखणाऱ्या कारागिरांच्या पिढीचे ते प्रतिनिधी होते.

== जुन्या पवनचक्कीची अडचण ==

युरोपात पवनचक्की शेकडो वर्षे वापरात होती. परंतु तिच्यावर सतत माणूस राबता ठेवावा लागे. वाऱ्याची दिशा बदलली की चक्कीचा माथा फिरवायचा, वारा वाढला की पात्यांवरील कापड गुंडाळायचे, वादळाची चिन्हे दिसताच चक्की थांबवायची, ही कामे चक्कीवाल्याची असत. त्यात हयगय झाली, तर पाती मोडत किंवा घर्षणाने लाकडी यंत्रणा पेट घेई. दळणासाठी असा माणूस ठेवणे परवडे. विहिरीतून थोडेथोडे पाणी रात्रंदिवस उपसण्यासाठी ते परवडण्याजोगे नव्हते.

ही अडचण जॉन बर्नहॅम यांनी नेमकी हेरली. बर्नहॅम हे पंप व पाणीपुरवठ्याच्या व्यवसायात होते. स्वतःला सांभाळू शकणारी पवनचक्की तयार करण्याची कल्पना त्यांनी हॅलडे यांच्यापुढे मांडली. असे यंत्र बनवता येईल याविषयी हॅलडे यांना विश्वास होता. मात्र ते विकत घेणारा कोणी भेटेल की नाही, याचीच त्यांना शंका होती, असे सांगितले जाते.

== १८५४ चे एकस्व ==

हॅलडे यांना २९ ऑगस्ट १८५४ रोजी त्यांच्या पवनचक्कीचे एकस्व मिळाले. या रचनेत पाती चक्राला घट्ट जखडलेली नव्हती. वेग मर्यादेबाहेर जाऊ लागला की नियंत्रक यंत्रणा पात्यांचा कोन बदलत असे. पाती वाऱ्याला सपाट अंग न दाखवता कड दाखवीत आणि वेग उतरे. वारा मंदावला की ती पुन्हा पूर्वस्थितीला येत. चक्राच्या मागे शेपटासारखा रुंद पंख होता. वाऱ्याची दिशा पालटली की तो पंख ढकलला जाई आणि चक्र आपोआप वाऱ्यासमोर येई.

पुढील काळात चार मोठ्या पात्यांची जागा अनेक अरुंद लाकडी फळ्यांच्या चक्राने घेतली. या फळ्या काही गटांत विभागलेल्या असून प्रत्येक गट आपल्या आसाभोवती कलू शकत असे. जोराच्या वाऱ्यात सारे गट एकदम कलत, चक्राला उघड्या टोपलीचा आकार येई आणि वारा मधून निघून जाई. हेच रूप ‘हॅलडे स्टँडर्ड’ या नावाने प्रसिद्ध झाले.

== बटाव्हिया येथील कारखाना ==

हॅलडे यांचा व्यवसाय कनेक्टिकटमध्ये सुरू झाला, तरी त्या प्रदेशात ओढे व झरे मुबलक असल्याने यंत्राची निकड मर्यादित होती. बर्नहॅम पश्चिमेकडे गेले. वाहते पाणी कमी आणि वारा भरपूर असलेली गवताळ मैदाने हीच खरी बाजारपेठ आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून यू.एस. विंड इंजिन अँड पंप कंपनी उभी राहिली आणि १८६३ साली हॅलडे यांचा उद्योग इलिनॉय राज्यात फॉक्स नदीकाठच्या बटाव्हिया गावी आला. पुढे या गावात इतरही कारखाने निघाले व बटाव्हिया पवनचक्क्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

पहिले मोठे गिऱ्हाईक रेल्वे कंपन्या ठरल्या. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे. मैदानातून लोहमार्ग पुढे सरकत गेला, तसतशा पाणी भरण्याच्या ठाण्यांवर मोठ्या चक्रांच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. रेल्वेने प्रवास करणाऱ्या वसाहतकऱ्यांनी हे यंत्र प्रथम बहुधा अशा ठाण्यांवरच पाहिले.

== विंधन विहीर आणि कुरणे ==

टेक्साससह मैदानी प्रदेशात गुरांच्या मालकांना आरंभी नद्यानाल्यांचाच आधार होता. ज्याच्या ताब्यात पाणवठा, त्याच्या ताब्यात भोवतीचे कुरण, अशी स्थिती होती. पाण्यापासून फार दूरचे गवत निरुपयोगी ठरे, कारण गुरे चरून पुन्हा पाण्यावर परतू शकत नसत. १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांच्या काटेरी तारेला एकस्व मिळाले आणि मोकळी कुरणे कुंपणांनी विभागली जाऊ लागली. कुंपणाने गुरांचा नदीकडचा रस्ता बंद होताच प्रत्येक कुंपणाच्या आत पाणी निर्माण करणे अपरिहार्य झाले.

हे पाणी जमिनीखाली होते. हाताने खणलेल्या विहिरीला खोलीची मर्यादा होती आणि दरड कोसळण्याचे भय होते. म्हणून दोराला बांधलेली जड पोलादी छिन्नी वारंवार उचलून आपटण्याची विंधनपद्धती वापरली जाई. हे यंत्र घोड्यांच्या किंवा वाफेच्या बळावर चाले. खडकाचा चुरा पाण्यात मिसळून गाळ झाला की तळाशी झडप असलेल्या लांब नळकांड्याने तो बाहेर काढीत आणि भोक ढासळू नये म्हणून आत नळ बसवीत. पाणी लागल्यावर त्याच्याखाली पितळी नळकांडे सोडले जाई. त्यात कातडी वाट्या लावलेला दट्ट्या व झडपा असत. वर मनोऱ्यावर फिरणाऱ्या चक्राची गती भुजेद्वारे खालीवर गतीत बदले, लांब दांडा दट्ट्याला हलवी आणि प्रत्येक झोक्याला थोडे पाणी वर येऊन हौदात पडे. धार लहान असली, तरी वारा वाहता असेपर्यंत ती चालू राही. वारा पडलेल्या दिवसांसाठी हौद मोठा बांधीत.

मोठ्या कुरणांवर विहिरी खोदणारे व पवनचक्क्या सांभाळणारे स्वतंत्र कामगार असत. मनोऱ्यावर चढून चाकांना वंगण देणे, झिजलेल्या कातडी वाट्या बदलणे, तुटलेला दांडा विहिरीतून वर काढणे ही त्यांची नित्याची व धोक्याची कामे होती. एखादी चक्की बंद पडल्याचे वेळेवर कळले नाही, तर हौद आटे आणि तहानलेल्या गुरांच्या जिवावर बेते.

टेक्सासच्या उत्तर भागातील सुमारे ३० लाख एकरांच्या एक्सआयटी कुरणावर १९०० सालापर्यंत ३३५ पवनचक्क्या उभारल्या गेल्या होत्या. त्या सर्व हॅलडे बनावटीच्या नव्हत्या. विस्कॉन्सिनमधील लिओनार्ड व्हीलर यांची १८६७ ची ‘एक्लिप्स’ ही प्रबळ प्रतिस्पर्धी होती. याच कुरणावर दरीत असलेल्या एका विहिरीसाठी वारा मिळावा म्हणून सुमारे १३० फूट उंचीचा लाकडी मनोरा बांधण्यात आला होता. तो १९२६ साली वाऱ्याने कोसळला.

== लोखंडी चक्राचे आव्हान ==

१८८२–८३ मध्ये यू.एस. विंड इंजिन कंपनीत थॉमस पेरी या अभियंत्याने ६१ प्रकारच्या चक्रांवर ५,००० हून अधिक चाचण्या घेतल्या. वक्र पत्र्याच्या पात्यांचे चक्र प्रचलित लाकडी चक्रापेक्षा ८७ टक्के अधिक कार्यक्षम असल्याचे त्यांना आढळले. लाकडी चक्क्यांवर उत्तम व्यवसाय चालू असल्याने कंपनीने हा निष्कर्ष उत्पादनात उतरवला नाही. पेरी बाहेर पडले आणि ला व्हर्न नॉइज यांच्यासमवेत १८८८ साली शिकागोत ‘एअरमोटर’ पवनचक्की बाजारात आली. पहिल्या वर्षी तिचे केवळ ४५ नग विकले गेले. परंतु पुढे अल्पावधीतच लोखंडी चक्रांनी लाकडी चक्रांना मागे टाकले. १९१५ साली तेलात बुडालेल्या बंदिस्त दंतचक्रांची रचना आली आणि वरचेवर वंगण देण्यासाठी मनोऱ्यावर चढण्याचे काम बरेच कमी झाले.

== उत्तरायुष्य ==

व्यवसायातून निवृत्त झाल्यानंतर हॅलडे कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे स्थायिक झाले. तेथेच वयाच्या ८९ व्या वर्षी, १९१६ साली, त्यांचे निधन झाले. लाकडाकडून लोखंडाकडे झालेले स्थित्यंतर त्यांना हयातीतच पाहावयास मिळाले.

== मूल्यमापन ==

हॅलडे यांच्या चक्रात नंतर पुष्कळ बदल झाले; परंतु यंत्राने माणसाच्या देखरेखीवाचून वाऱ्याशी जुळवून घ्यावे हे त्यांचे मूलतत्त्व नंतरच्या सर्व पाणउपशाच्या पवनचक्क्यांत कायम राहिले. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर खेड्यापाड्यांत वीज पोहोचली व पवनचक्क्यांची संख्या घटली. तरीही विजेच्या तारांपासून दूर असलेल्या कुरणांवर त्या आजही चालताना दिसतात.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ज्या मैदानांवर या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, ती कोमांची, शायेन इत्यादी मूलनिवासी लोकांची भूमी होती. बायसनांचा संहार आणि १८७४–७५ चे रेड नदीचे युद्ध यांनंतर दक्षिणेकडील मैदानांतील या लोकांना राखीव प्रदेशात जावे लागले व त्यांच्या मागून कुरणांचे मालक आले. पाण्याच्या बाबतीत मात्र पवनचक्कीचा उपसा मर्यादित होता. वारा देईल तेवढेच पाणी ती काढू शके. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शेती-सिंचनासाठी इंजिनावरील शक्तिशाली पंप सर्वत्र आले आणि त्यानंतर या मैदानांखालील ओगलाला जलधराची पातळी अनेक ठिकाणी झपाट्याने खाली गेली. जमिनीतील पाण्याचा विचार करताना हॅलडे यांच्या संथ यंत्राचे स्मरण केले जाते, ते या कारणानेही.