काड्या नाचवणारे दादासाहेब

वर्तमानपत्र हाती पडले की आपल्यापैकी पुष्कळजण अग्रलेखाआधी चित्रपट्टी गाठतात, प्राध्यापकही! या पट्ट्यांचा प्रवास मोठा गमतीचा आहे. विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराची 'लिटल निमो' ही पट्टी 1905 साली वर्तमानपत्रात सुरू झाली आणि 1911 मध्ये तिचीच माणसे पडद्यावर हलू लागली. पुढे गंगा उलटी वाहिली. मिकी उंदीर 1928 साली पडद्यावर गाजला आणि 1930 साली वर्तमानपत्रात आला. 'फ्लिंटस्टोन्स' तर 1960 साली दूरचित्रवाणीवर अवतरले आणि वर्षभरात रोजच्या चौकटींत जाऊन बसले.

चित्र हलते करण्याचे हे वेड आपल्याकडे प्रथम कोणाला लागले? त्यासाठी अमेरिकेत जायला नको. सिल्वासाहून निघून जव्हार-मोखाड्यावरून घाट चढला की त्र्यंबकेश्वर लागते. तिथे 30 एप्रिल 1870 रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. घर वेदशास्त्रसंपन्न, पण मुलाचा ओढा रंगरेषांकडे. मुंबईचे जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, मग गोध्र्यास फोटोचा धंदा. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेले. पुढे सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी झाली, छापखाना झाला. तिरंगी छपाईसाठी ते 1909 साली जर्मनीलाही जाऊन आले, परंतु भागीदारांशी बिनसले आणि चाळिशी उलटलेला हा गृहस्थ पुन्हा रिकामा झाला.

अशा वेळी, 1911 साली, त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. त्यानंतर चित्रपट पाहण्याचा असा सपाटा लावला की डोळेच गेले! सुदैवाने उपचारांनी दृष्टी परत आली. 1912 साली विलायतेस जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. मात्र भांडवल द्यायला कोण तयार होणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब वाढेल तसतशी त्याची चित्रे टिपली. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणभरात दिसली आणि सावकाराची थैली सैल झाली. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट काम ही माउली अंधारात बसून हाताने करीत असे, शिवाय साऱ्या कंपनीचा स्वयंपाक! 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी लोकांसमोर आला त्यात तिचा वाटा किती, याचा हिशेब कोणी फारसा मांडला नाही.

लवकरच महायुद्ध पेटले. परदेशी कोरी फिल्म दुर्मिळ झाली, पैसे लावणारे मागे सरले. या तंगीच्या काळात, 1915 साली, फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. नट नाहीत, पोशाख नाहीत, फक्त काडेपेटीतल्या काड्या. काडी केसभर सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. त्या काळच्या वेगाने सेकंदाला सोळा चित्रे धरली तरी मिनिटाच्या मौजेसाठी साडेनऊशेवर वेळा हा उद्योग. वाटाणा आपोआप वाढला होता. काडीला मात्र प्रत्येक पाऊल माणसानेच टाकायला लावायचे होते. फ्रान्समध्ये एमिल कोल याने 1908 साली अशाच काड्या नाचवल्या होत्या. तरीही तुटपुंज्या साधनांवर नाशिकास बसून हा खटाटोप करणे सोपे नव्हते. आपल्या देशातील चेतनपटाचा आरंभ जाणकार येथूनच धरतात. त्यांच्या खोडकरपणाचा आणखी एक मासला: स्वतःच जादूगार होऊन केलेल्या चित्रपटात त्यांनी आपले आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले.

'लंकादहन'ने 1917 साली अमाप पैसा मिळवला. पुढे हिंदुस्थान सिनेमा कंपनी निघाली, पण भागीदारांशी पुन्हा खटके उडाले आणि दादासाहेब रागाने काशीस जाऊन नाटक लिहीत बसले. परतले तोवर जमाना बदलला होता. 1934 साली पुण्यात 'प्रभात'ने 'जंबू काका' हे व्यंगचित्र पडद्यावर आणले. फाळक्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' 1937 सालचा, कोल्हापूरचा. तो फारसा चालला नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते वारले तेव्हा गाठीला काही उरले नव्हते. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार 1969 सालापासून दिला जातो.

काड्यांचा तो पट आज पाहायला मिळत नाही. पण 1919 सालच्या 'कालिया मर्दन'चा बराच भाग वाचला आहे. त्यात कृष्ण झालेली त्यांची लहानगी मंदाकिनी डोहात नागाशी झुंजताना अजून दिसते.