जबाबदारीचे शिक्षण देणारे बेडन-पॉवेल

स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचा जन्म १८५७ साली लंडन येथे झाला. दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) शाळकरी मुले निरोप पोहोचविण्याचे काम चोख करतात, हे त्यांनी पाहिले. १९०७ साली ब्राउनसी बेटावर गरीब-श्रीमंत अशा २० मुलांचे शिबिर भरवून त्यांनी प्रत्येक तुकडी एका मोठ्या मुलाच्या हवाली केली. पुढे १९१८ साली थोरल्या स्काऊटांसाठी 'रोव्हर' शाखा निघाली. सेवा हेच तिचे ब्रीद. १९४१ साली केनियात ते निवर्तले. आजऱ्यातील पालकहो, थोरल्या मुलामुलींवर विश्वास टाकून कामे सोपवा. विद्यार्थ्यांनो, तो विश्वास सार्थ करा, धाकट्यांना हात द्या!