सुमो म्हणजे जपानी पैलवान नव्हे, आपले सुमंत मूळगावकर!

गाड्यांच्या दुनियेत सध्या जुनी नावं परत येण्याचा सीझन चालू आहे. २०२१ मध्ये सफारी परत आली. २०२५ मध्ये सिएरा परत आली. दोन्ही वेळा आपल्या ग्रुपवर फोटो फिरले, स्टेटस लागले आणि कुणीतरी हमखास विचारलं की आता सुमो कधी?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. बीड-परळी घ्या, गेवराई-माजलगाव घ्या, नाहीतर केज-अंबाजोगाई. काळी-पिवळी सुमोत दाटीवाटीनं बसून प्रवास केलेलं माणूस घरटी एक तरी सापडेल. लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा पेशंट, निवडणुकीचा भोंगा, सगळं या गाडीनं वाहिलं. पण सुमो हे नाव कुठून आलं असं विचारलं, तर दहातले नऊ जण जपानच्या जाडजूड पैलवानाकडे बोट दाखवतील.

टाटांच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट वेगळी आहे. सुमंतमधला ‘सु’ आणि मूळगावकर या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन अक्षरं, एम आणि ओ. झालं सुमो! म्हणजे इतकी वर्षं आपण एका मराठी इंजिनीअरच्या नावात बसून तालुक्याला जात होतो. नावं परत आणण्याच्या या सीझनमध्ये हा माणूस समजून घेणं गरजेचं आहे. कारण गाडीचं नाव आणि गाडीचा दम यांचं नातं काय असतं, हे त्यानं आयुष्यभर कामातून दाखवलं.

लंडनची डिग्री, सिमेंटचा धुरळा

सुमंत मूळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईचा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये ते मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकले. ते परत आले तो काळ जागतिक मंदीचा होता. देश इंग्रजांचा, मोठी मशिनरी इंग्लंडहून यायची आणि ती सांभाळणारे साहेबही बऱ्याचदा तिकडूनच यायचे. परदेशी डिग्री हातात असूनही हिंदुस्थानी इंजिनीअरसाठी लाल गालिचा वगैरे काही नव्हता. मूळगावकर गेले सिमेंटच्या धंद्यात. पुढे एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज, हे त्यांच्या कामाचं ठिकाण झालं.

दुसऱ्या महायुद्धात जहाजांनी मशिनरी येणं अवघड झालं. तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रं इथेच बनवायच्या कामात मूळगावकर पुढे होते. परदेशी कंपनीचा शिक्का नसला तर मशीन चालणार कसं, असं मानायचे ते दिवस होते. शिक्क्याशिवाय मशीन चालतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. हा धडा त्यांना पुढे जन्मभर पुरला.

जेआरडी टाटांची नजर त्यांच्यावर पडली आणि १९४९ मध्ये मूळगावकर टेल्कोत आले. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९४५ मध्ये जमशेदपूरला सुरू झालेली ही कंपनी तेव्हा गाड्या नाही, रेल्वेची इंजिनं बनवायची.

स्टार गेला, ट्रक राहिला

१९५४ मध्ये टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा स्टार होता. त्या स्टारचा केवढा दरारा असेल विचार करा. आजही आपल्याकडे एखाद्याची ऐट दाखवायची असेल तर मर्सिडीजचंच नाव निघतं.

मूळगावकरांना दोन गोष्टी करता आल्या असत्या. जर्मनीहून पेट्या मागवायच्या, इथे नटबोल्ट आवळायचे आणि स्टारच्या जोरावर धंदा करायचा. किंवा स्टार आहे तोवर सगळं शिकून घ्यायचं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. एकेक पार्ट इथे बनवायला घेतला. १९६९ मध्ये करार संपला, स्टार उतरला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला.

नाव बदललं की गिऱ्हाईक पळतं म्हणतात. इथे तसं झालं नाही. ड्रायव्हर, मालक, मेकॅनिक या सगळ्यांना एव्हाना कळलं होतं की घाटात लोड ओढतं ते इंजिन, स्टार नाही. टाटाचा ट्रक चालतच राहिला. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या संसार भरून ज्या गाड्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात, त्यांत या खानदानाचे ट्रक वर्षानुवर्षं आहेत.

अजून एक गंमत. त्या काळातल्या ट्रकना नावं नव्हतीच, नंबर होते. ही जर्मन पद्धत. १२१० म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन सुमारे १२ टन आणि ताकद सुमारे १०० हॉर्सपॉवर. ४०७ म्हणजे वजन ४ टनांच्या वर्गातलं आणि ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास. गाडी काय आहे ते तिच्या कपाळावरच लिहिलेलं. अशा नावात थापा मारता येत नाहीत. जेवढा दम, तेवढंच नाव.

आधी मुलं शिकवली, मग गाड्या काढल्या

जमशेदपूरनंतर दुसरा मोठा कारखाना पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला उभा करायचं ठरलं. साल १९६६. आज तिथे गेलं की ट्रॅफिकशिवाय काही दिसत नाही, पण तेव्हा ती जागा खडकाळ माळरान होती. मूळगावकरांनी तिथे काय केलं? झाडं लावली, तळं खोदलं. त्या तळ्याला आज सुमंत सरोवर म्हणतात. सोबत मुलांना ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली आणि हत्यारं, साचे बनवायची सोय उभी केली. गाड्यांच्या डिझाइनसाठी संशोधन केंद्रही तिथलंच. पुण्याहून पहिली गाडी बाहेर पडली ती १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं माणसं आणि हत्यारं घडवण्यात गेली. आज कुठल्या कंपनीचे शेअरहोल्डर एवढी वाट बघतील?

आपल्याकडची आयटीआय आणि डिप्लोमाची कितीतरी मुलं आज पिंपरी, चिंचवड, चाकणच्या कंपन्यांत आहेत. या पट्ट्यात गाड्यांचा धंदा रुजला त्यात या कारखान्याचा वाटा मोठा आहे. मूळगावकरांच्या पत्नी लीला मूळगावकर यांचंही नाव इथे घ्यायला हवं. देशात रक्तदानाची सेवा उभी करण्यात त्यांचं काम मोठं आहे आणि त्यासाठी १९६३ मध्येच त्यांना पद्मश्री मिळाली होती.

ढाब्यावरचं जेवण

मूळगावकरांबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते, तुमच्याही फोनवर कधीतरी आली असेल. दुपारी साहेब ऑफिसच्या जेवणाला थांबत नसत, गाडी घेऊन कुठेतरी जात. लोकांना वाटायचं, डीलर मंडळी मोठ्या हॉटेलात पार्टी देत असणार. एकदा कुणीतरी मागावर गेलं तर साहेब हायवेच्या ढाब्यावर, ट्रक ड्रायव्हरांच्या पंगतीत! टाटाच्या ट्रकमध्ये काय चांगलं, काय वाईट हे ऐकत बसलेले. मग ते सगळं परत येऊन इंजिनीअरांपुढे ठेवायचं.

१९८० च्या दशकात या सवयीची खरी परीक्षा झाली. टोयोटा, निसान, माझ्दा, मित्सुबिशी या जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन छोट्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. जपानी नावांपुढे टेल्कोचं काही खरं नाही, असा सूर होता. टेल्कोनं स्वतःच्याच इंजिनीअरांकडून ४०७ बनवून घेतली आणि १९८६ मध्ये बाजारात आणली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मंडपवाल्याचं सामान असो, कापूस असो की बाजारची जनावरं, ४०७ आजही गावोगाव दिसते. मजा म्हणजे याच मूळगावकरांनी सुरुवातीच्या काळात मारुती उद्योगचं अध्यक्षपदही सांभाळलं होतं.

१९८८ मध्ये टेल्कोची सूत्रं त्यांनी रतन टाटांकडे दिली. त्याच वर्षी कंपनीचा टाटामोबाइल नावाचा पिकअप आला. १९८९ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी मूळगावकर गेले. त्या पिकअपच्याच पायावर १९९१ ची सिएरा, १९९४ ची सुमो आणि १९९८ ची सफारी उभी राहिली. यातली जी गाडी सगळ्यात साधी, सगळ्यात राबणारी होती, तिला त्यांचं नाव मिळालं. माझ्या मते हा हिशोब अगदी बरोबर जमला.

आणि मग नावंच धावायला लागली

आता येऊ आजच्या सीझनकडे. २००८ मध्ये सुमो ग्रँड आली. दिसायला चकाचक, किंमत जास्त, गिऱ्हाईक कमी. काळ्या-पिवळ्या गाडीचं नाव महागड्या फॅमिली गाडीला चिकटेना. शेवटी २०१४ मध्ये तीच गाडी मोव्हस या नावानं विकायला काढली. तरी ती चालली नाही. मूळ सुमो २०१९ मध्ये बंद झाली. नवे प्रदूषणाचे आणि सुरक्षेचे नियम त्या जुन्या गाडीला पेलणारे नव्हते.

सफारीचं उलटं झालं. जुनी सफारी चेसिसवर उभी असलेली, मागच्या चाकांवर चालणारी, फोर बाय फोर मिळणारी रांगडी गाडी. २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटांनी हॅरियरची सात सीटची मोठी बहीण दाखवली, तेव्हा तिचं नाव ग्रॅव्हिटास होतं. वर्षभरात नाव बदललं आणि ती सफारी झाली. गाडी तीच, पुढच्या चाकांवर चालणारी, फोर बाय फोर नसलेली. याला म्हणतात क्रॉसओव्हर. उंची आणि रुबाब जीपसारखा, पण आतून कार. सिएराचंही तसंच. १९९१ ची सिएरा तीन दारांची होती, मागे छतापर्यंत वळलेली मोठी काच. नवी पाच दारांची फॅमिली गाडी, त्या काचेची आठवण करून देणारी.

हे फक्त आपल्याकडे नाही. फोर्डची प्यूमा १९९७ मध्ये छोटी, चपळ स्पोर्ट्स कूपे होती. २०१९ मध्ये ते नाव क्रॉसओव्हरवर गेलं. १९६९ ची दोन दारांची कॅप्री २०२४ मध्ये इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर झाली. मित्सुबिशीच्या एक्लिप्सचं २०१७ मध्ये एक्लिप्स क्रॉस झालं. कारण सोपं आहे. नवं नाव लोकांच्या डोक्यात बसवायला जाहिरातींवर प्रचंड पैसा लागतो. जुनं लाडकं नाव आधीच बसलेलं असतं. गाडी कोरी, आठवण आयती.

नव्या गाड्या वाईट आहेत असं नाही हं. नव्या सफारीला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळाले. जुन्या काळी-पिवळीत बारा-पंधरा जण कोंबून, सीटबेल्टशिवाय आपण जे फिरलो त्याला काही सोनेरी दिवस म्हणता येणार नाही. घरच्यांना घेऊन पुण्याला जायचं असेल तर मी नवीच गाडी निवडेन. प्रश्न गाडीचा नाही, नावाचा आहे. ग्रॅव्हिटास म्हणून ती स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली असती. सफारी म्हटल्यावर जुन्या सफारीनं चिखलात, घाटात कमावलेलं भांडवल तिनं उसनं घेतलं. उसनं घेतलेलं फेडावं लागतं. मर्सिडीजचा स्टार ही पण उसनवारीच होती. पण मूळगावकरांनी ती पंधरा वर्षांत काम करून फेडली आणि मग स्टारशिवाय ट्रक विकून दाखवला.

बरं, लोकही नावं देतात. टाटांनी २००५ मध्ये एस नावाचा छोटा ट्रक काढला. आपण त्याला छोटा हत्ती म्हणतो. हे नाव कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं नाही, तो ओझं ओढताना बघून लोकांच्या तोंडी बसलं.

उद्या सुमो हे नाव खरंच परत आलं, तर मला आनंदच होईल. फक्त शोरूममध्ये येण्याआधी तिनं एकदा मांजरसुंब्याचा घाट भरलेल्या गाडीनिशी चढावा. मग कंपनीच्या इंजिनीअरांनी एखाद्या ढाब्यावर थांबावं आणि पंचवीस वर्षं काळी-पिवळी चालवलेल्या ड्रायव्हरला विचारावं की हिला सुमो म्हणायचं का. ज्या माणसाचं ते नाव आहे, त्यानं आधी तिथेच विचारलं असतं.