शिकणाऱ्यांची विमाने घडवणारे डॉ. घाटगे

जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या सड्यावर प्रवासी विमाने उतरू लागली आणि पेडणे तालुक्यातील मुलांच्या खेळातही विमान आले. पतंगाच्या जोडीला आता रिमोटवर उडणारी थर्माकोलची विमाने दिसतात, डिचोलीकडची मुलेही ती करतात. ती कशी उडवावीत, कुठे उडवावीत, असे पालक आम्हाला विचारतात. नुसता नियमांचा तक्ता छापला तर तो कोणी वाचत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून या अंकात एका मराठी शास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत. शिकाऊ वैमानिकाची चूक विमानाने कशी सोसावी, या प्रश्नावर त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला.

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून आजऱ्यामार्गे पुढे गेले की गडहिंग्लज लागते. त्याच तालुक्यातील हसूरचंपू या गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. या गावचा मुलगा पुढे जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात गेला आणि लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३६ साली पीएच.डी. झाला. प्रांट्ल म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रातले त्या काळचे सर्वांत मोठे नाव. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर विमानाचे उडणे किंवा पडणे ठरवतो, हे त्यांनी १९०४ सालीच दाखवून दिले होते.

गटिंगेन प्रसिद्ध होते ते तिथल्या वाऱ्याच्या बोगद्यांसाठी. बोगद्यात विमानाची लहान प्रतिकृती जागच्या जागी बांधून ठेवतात आणि तिच्यावरून वारा सोडतात. नाक थोडे थोडे वर करत नेले की पंखाची उचल वाढत जाते, पण एका मर्यादेनंतर हवा पंखाला सोडून देते आणि उचल एकदम ढासळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालू असले तरी स्टॉल होतोच. तुमचे छोटे विमान उंच झाडाला चुकवण्यासाठी तुम्ही घाईने नाक वर ओढता आणि ते दगडासारखे खाली येते, ते याच कारणाने. उंचीवर असताना नाक खाली करून वेग मिळवता येतो, जमिनीजवळ तेवढी जागाच नसते.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. घाटगे तेथे आले. १९४१ साली त्यांनी आराखडा केलेले दहा आसनांचे ग्लायडर तयार झाले. १९४२ अखेर बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही ते होते. युद्धाच्या काळात कारखान्यात मुख्य काम दुरुस्तीचे आणि परदेशी विमाने जोडण्याचे होते. आपले म्हणावे असे विमान नव्हते.

ते स्वातंत्र्यानंतर आले. ऑगस्ट १९५१ मध्ये एच.टी.-२ या विमानाने पहिले उड्डाण केले. वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुनशी. भारतीयांनी आराखडा करून भारतातच बांधलेले हे पहिले इंजिनाचे विमान. लढाऊ किंवा भपकेबाज काही न करता घाटगे यांनी सुरुवात शिकाऊ विमानाने केली, याचे आम्हाला फार मोल वाटते. एका पाठोपाठ एक अशी दोन आसने आणि दोन्हीकडे तेच दांडे. शिष्याचा हात चुकला की गुरूने विमान सावरायचे. दीडशेहून अधिक एच.टी.-२ बांधली गेली, हवाई दलाच्या कित्येक तुकड्या त्यांवर शिकल्या, आफ्रिकेतील घाना देशानेही ती घेतली.

मॉडेलच्या छंदातही अशी सोय आहे. दोन रिमोट एकमेकांना जोडता येतात, एक शिकणाऱ्याकडे आणि एक जाणत्याकडे. जाणत्याने एक बटण सोडले की ताबा त्याच्याकडे परत येतो. हे नसेल तर पहिल्या दिवशी जाणता माणूस शेजारी उभा हवाच. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते आणि नेमके तेव्हाच हात गोंधळतो.

१९५८ साली घाटगे यांचे पुष्पक उडाले. फ्लाइंग क्लबांसाठी केलेले हे हलके विमान, पंख डोक्यावर, कापडाने मढवलेले. वजन पंखाखाली असल्याने असे विमान कलले तरी सावरण्याकडे त्याचा ओढा असतो. आमचे सांगणे असे की पहिले मॉडेल पुष्पकाच्या घडणीचे घ्या. जेटसारखे दिसणारे मॉडेल दुकानात मोहात पाडते, ते पुढच्या वर्षी. आणि गुरुत्वमध्य तपासल्याशिवाय काहीच हवेत सोडू नका. साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पुढल्या चतुर्थांशापासून तृतीयांशापर्यंत बोटे टेकवल्यावर विमान समतोल राहिले पाहिजे. नाक थोडे जड असले तर चालेल, शेपूट जड असलेले विमान हाताळताच येत नाही.

कोणतेही नवे विमान आधी जमिनीवर तपासले जाते, मगच चाके उचलतात. तुम्हीही तेच करा. प्रोपेलर काढून ठेवा, आधी रिमोट चालू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. मग रिमोट बंद करून पाहा, मोटार थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी उडवायचे नाही. प्रोपेलर बसवल्यावर त्याच्या पुढे हात किंवा तोंड न्यायचे नाही. फुगलेली लिथियम बॅटरी टाकून द्यावी, आणि चार्जिंगला लावून जेवायला जाऊ नये. पाहणाऱ्या मुलांनी उडवणाऱ्याच्या मागे उभे राहावे. कापणी झालेले शेत उत्तम, मात्र विजेच्या तारा आणि चरणारी गुरे आधी बघून घ्या.

जागेबाबत कायदाही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार छंदाचे मॉडेल डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवायचे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवाना मर्यादा २०० फुटांची, त्याहून जवळ परवानगीशिवाय उड्डाण नाही. म्हणजे मोपा, वारखंड, कासारवर्णे, उगवे या भागातील मुलांनी घरामागच्या सड्यावर विमान सोडायचे नाही. हे कडू वाटेल, पण उतरणाऱ्या विमानात माणसे बसलेली असतात. डिचोलीच्या मुलांनीही सरकारी नकाशावर आपली जागा हिरव्या रंगात आहे ना, हे मोठ्यांकडून पाहून घ्यावे.

पुष्पकानंतर १९५९ मध्ये कृषक आले, आणि १९६४ साली किरण, हे शिकाऊ जेट. १९६५ साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली. किरणचा गोव्याशी जवळचा संबंध आहे. २००३ साली नौदलाने दाबोळीच्या आय.एन.एस. हंसा तळावर सागर पवन हे कसरतींचे पथक उभारले, ते किरण विमानांचेच. मार्च २०१० मध्ये हैदराबाद येथील अपघातात पथकाचे दोन वैमानिक गेले, आणि पथकाचे उडणे थांबले.

डॉ. घाटगे डिसेंबर १९९१ मध्ये वारले. बंगळूरला कारखान्याचे सभागृह त्यांच्या नावाने आहे, आणि तेथील संग्रहालयात एच.टी.-२ ठेवलेले आहे. शाळेची सहल तिकडे गेली तर त्याच्या दोन आसनांत जरूर डोकावून पाहा.