पंडिता रमाबाईंनी मराठी बायबल पुन्हा का लिहिलं?

1878 साली कलकत्त्यात एका ख्रिस्ती मेळाव्यात तरुण रमाबाई डोंगरे यांना बायबल भेट मिळालं, तेही संस्कृतात. वडील अनंतशास्त्री आणि आई लक्ष्मीबाई यांच्याकडून त्यांनी संस्कृत शिकलं होतं, हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते. याच शहरातल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तरीही ते पुस्तक त्यांच्या पचनी पडलं नाही. शब्द ओळखीचे, पण त्यातलं जग परकं!

आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेलेली. पुढे भाऊही गेला. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी लग्न झालं आणि दोनच वर्षांत वैधव्य आलं. आसाममध्ये संसार करताना लूकचं शुभवर्तमान त्यांनी बंगालीत वाचलं होतं. 1883 मध्ये छोट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून मान तुकवली असं मात्र नाही. चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य करायला त्यांनी नकार दिला, बायबल स्वतः वाचून प्रश्न विचारले. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या देशाची संस्कृत का नको, यावरूनही त्या तिथल्या सिस्टरशी भांडल्या.

1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या मुली ख्रिस्ती होत असल्यावरून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे दूर झाले. दुष्काळातून वाचवलेल्या मुली-बायकांनी मग दौंडजवळच्या केडगावचं 'मुक्ती' भरून गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती.

खरी अडचण इथे समोर आली. मराठीत बायबल तर होतंच. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून नवा करार 1811 मध्येच निघाला होता. पण प्रचलित भाषांतरातले जड संस्कृत शब्द नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कळत नव्हते. शिवाय त्या शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानातले अर्थ आधीच चिकटलेले, त्यामुळे वाचणारीला भलतंच समजण्याची भीती.

मग इंग्रजीवरून सोपं मराठी का केलं नाही? कारण ते भाषांतराचं भाषांतर झालं असतं. जुना करार मुख्यतः हिब्रूत आहे, थोडा भाग अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. रमाबाईंनी मुळापासून सुरुवात केली. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, मराठीतून हिब्रूचं व्याकरणही लिहिलं. संस्कृतसाठी भांडलेल्या याच बाईने मग आपल्या मजकुरातून संस्कृत वेचून काढलं आणि घरात बोलली जाणारी मराठी ठेवली. आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं या कामात गेली. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकाच करायच्या.

(अख्खं बायबल भाषांतरित करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून रमाबाईंचं नाव फॉरवर्ड होत असतं. ते बरोबर नाही. अमेरिकेच्या ज्युलिया स्मिथ यांचं भाषांतर 1876 मध्येच प्रसिद्ध झालं होतं.)

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. मुक्तीचा कारभार पुढे तीच पाहणार होती. खचलेल्या रमाबाई तरीही मुद्रितं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. पूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते 1924 मध्ये.