पंचवीस वर्षांचा पहारा

मे महिन्यातली रात्र. गच्चीवर सतरंजी टाकून मी नातीला उत्तर मुकुट दाखवत होतो. सात-आठ ताऱ्यांची ती अर्धवट बांगडी तिला चटकन सापडली. मी मात्र दुर्बीण लावून बांगडीच्या कडेलाच काहीतरी शोधत होतो. काय शोधताय, असं तिनं विचारलं, तेव्हा तिला लेस्ली पेल्टियरची गोष्ट सांगावी लागली.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेल्फॉस गावाजवळच्या शेतावर 1900 साली हा मुलगा जन्मला. दुर्बिणीसाठी अठरा डॉलर हवे होते. घरच्या मळ्यात स्ट्रॉबेरी खुडायला लिटरभर मापामागे दोन सेंट मिळत. पोरानं नऊशे मापं खुडली! दोन इंची दुर्बीण आली. 1 मार्च 1918 रोजी त्यानं सिंह राशीतल्या एका रूपविकारी ताऱ्याच्या तेजाची पहिली नोंद केली आणि ती अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला पाठवली. त्यानंतर 1980 साली मृत्यू येईपर्यंत त्याचा मासिक अहवाल कधी चुकला नाही. शाळा अर्धवट सुटलेली, दिवसा शेती, पुढे फर्निचरच्या कारखान्यात नोकरी. त्यातून नोंदी झाल्या 1 लाख 32 हजारांहून अधिक. बारा धूमकेतू शोधले ते वेगळेच. मोठमोठ्या वेधशाळांनी त्याला दुर्बिणी वापरायला दिल्या. त्यानं अंगणात एक फिरती खोली बांधली होती. आत खुर्चीत बसून चाक फिरवलं की खुर्ची, दुर्बीण आणि खोली सगळंच फिरे. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला सुचलेली ही युक्ती मला फार आवडते.

त्याच्या पाहण्यातले काही तारे मोठे बेभरवशाचे. हंसातला एसएस नावाचा तारा आठवडेच्या आठवडे मंद पडून असतो, आणि एकाएकी दिवसा-दोन दिवसांत तीसेक पटींनी उजळतो. असे तारे खरं तर जोडीचे असतात. एक श्वेत बटू, आकारानं पृथ्वीएवढा पण वजनानं सूर्याच्या तोलाचा, शेजाऱ्याचा वायू ओढून घेत असतो. हा वायू त्याच्याभोवती तबकडीसारखा साचतो आणि ती तबकडी अधूनमधून भडकते. काहींच्या बाबतीत मात्र वायूचा थर थेट बटूच्या पृष्ठावर साठत जातो आणि अखेर अणुस्फोटासारखा पेटतो. मुकुटातला ‘टी’ तारा या दुसऱ्या जातीचा. 1866 च्या मे महिन्यात तो असा पेटला, की दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा काही दिवस साध्या डोळ्यांना दिसला.

पेल्टियरनं 1920 च्या सुमारास त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. ढग नसतील त्या रात्री दुर्बीण तिकडे वळायचीच. तारा मात्र ढिम्म. अशी पंचवीस वर्षं गेली.

फेब्रुवारी 1946. रात्री अडीचचा गजर झाला. पेल्टियर उठला. आकाश स्वच्छ होतं, पण अंगात सर्दी भरल्यासारखी वाटत होती, शिंका येत होत्या. त्यानं विचार केला, एक रात्र नाही पाहिलं तर काय बिघडतं? तो परत पांघरुणात शिरला.

तारा पेटला तो नेमका त्याच रात्री. ऐंशी वर्षांनी!

इथे नात उठून बसली. तिला ते अजिबात पटेना. मग तो रडला का, असं तिनं विचारलं. रडल्याचं त्यानं कुठं लिहिलेलं नाही. 1965 साली आलेल्या आत्मकथनात त्यानं दोष स्वतःकडेच घेतला आहे. पण ताऱ्यानं थोडी तरी भीड ठेवायला हवी होती, हा रुसवाही लपवलेला नाही. माणसं इतक्या वर्षांच्या मित्रावर रुसतात, तसाच. मैत्रीतला ओलावा गेला तो गेलाच. ताऱ्याला पाहणं मात्र त्यानं सोडलं नाही. फक्त आता जरा संशयानं.

1946 मध्ये ऐंशी मिळवून नातीनं बोटांवर हिशेब केला आणि दुर्बीण माझ्या हातातून काढून घेतली.