पॅट्सी मिंक : मैदानाचे दार उघडणाऱ्या लोकप्रतिनिधी

मे महिना सरत आला की ओक्लाहोमा सिटीत महिलांच्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी आठ संघ उतरतात. ही स्पर्धा १९६९ साली ओमाहा येथे सुरू झाली, तेव्हा महाविद्यालयांच्या क्रीडा-अंदाजपत्रकात मुलींच्या वाट्याला जेमतेम काही उरत असे. ते चित्र पालटवणाऱ्यांत पॅट्सी ताकेमोतो मिंक यांचे नाव अग्रभागी आहे.

हवाई बेटांपैकी माउई येथे ६ डिसेंबर १९२७ रोजी जपानी वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डॉक्टर होण्याची त्यांची मनीषा होती. परंतु एकामागून एक वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या कायद्याकडे वळल्या आणि १९५१ साली शिकागो विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. तरीही विवाहित आणि एका मुलीची आई असलेल्या स्त्रीला कोणी वकिलीची नोकरी देईना. अखेर होनोलुलूत त्यांनी स्वतःचेच कार्यालय थाटले. १९६४ साली त्या अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्या. श्वेतवर्णीय नसलेल्या स्त्रीला हा मान प्रथमच मिळत होता.

शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ साली संमत झाला. एडिथ ग्रीन आणि बर्च बे यांच्याबरोबर मिंक त्याच्या पाठीराख्यांत होत्या. त्याच्या मूळ ३७ शब्दांच्या कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता. परंतु क्रीडाविभागांनाही तो लागू होणार हे उमगताच विरोध उसळला.

जुलै १९७५ मध्ये शारीरिक शिक्षणाचे वर्ग कायद्याच्या अंमलातून वगळू पाहणारी तरतूद प्रतिनिधिगृहापुढे मतदानाला आली. विरोधाची धुरा मिंक यांच्याकडे होती. नेमक्या त्याच वेळी न्यूयॉर्क राज्यात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला गंभीर मोटार अपघात झाल्याची वार्ता आली. त्या सभागृह सोडून लेकीकडे धावल्या आणि त्यांची बाजू अवघ्या एका मताने हरली. सभापती कार्ल अल्बर्ट यांनी घडला प्रकार सदस्यांच्या कानी घातला. काही दिवसांतच पुन्हा मतदान झाले आणि या वेळी कायदा अबाधित राहिला. मुलगीही बचावली. योगायोग असा की हे अल्बर्ट ओक्लाहोमाचेच प्रतिनिधी होते.

पुढे महाविद्यालयांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या यांची तरतूद करणे भाग पडले. १९८२ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, सॉफ्टबॉलची अजिंक्यपद स्पर्धा भरवण्यास आरंभ केला.

२८ सप्टेंबर २००२ रोजी मिंक निवर्तल्या. मतपत्रिकेवर त्यांचे नाव तसेच राहिले होते; नोव्हेंबरात मतदारांनी दिवंगत मिंक यांनाच पुन्हा निवडून दिले. त्याच वर्षी त्या कायद्याला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या वैद्यकीय महाविद्यालयांची दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत, तिथे आज मुली मोठ्या संख्येने शिकत आहेत. आणि सॉफ्टबॉलच्या शिष्यवृत्तीवर पदवी मिळवणाऱ्या मुलीही त्याच कायद्याच्या छत्राखाली खेळत आहेत.